एडवर्ड हाइड, अर्ल ऑफ क्लॅरेंडन : चरित्र लिहिताना पदं, तारखा आणि मुंबईचं कलम कसं मांडायचं?

फोंड्याची_वही

नमस्कार. एम. ए. इतिहासाच्या प्रकल्पासाठी सतराव्या शतकातल्या एका इंग्रज राजकारण्याचं चरित्र लिहायचं आहे, साधारण वीस पानं. अट अशी की गोव्याशी धागा दिसला पाहिजे, पण ओढूनताणून जोडलेला नको. मी क्लॅरेंडन घेतलाय. मुंबई आंदण देणारा १६६१ चा करार झाला तेव्हा तो लॉर्ड चॅन्सलर (राजमुद्रा सांभाळणारा मुख्य मंत्री) होता आणि ती सुखासुखी हातावेगळी करायला नकार देणारा विजरई (पोर्तुगीज व्हाइसरॉय) गोव्यात बसला होता. त्यामुळे धागा आपोआप मिळतो.

टिपणं काढताना चार ठिकाणी अडलंय.

१६४०-४१ मध्ये हा माणूस राजाच्या, म्हणजे पहिल्या चार्ल्सच्या, न्यायाधीशांवर तुटून पडतो आणि १६४२ मध्ये राजाचीच उत्तरं लिहून देतो. याला पक्षांतर म्हणायचं का? तो 'चॅन्सलर' कधी झाला, याची १६४३, १६५८ आणि १६६० अशी तीन उत्तरं मिळतात. मुंबईचा ताबा कुठे फेब्रुवारी १६६४, कुठे फेब्रुवारी १६६५. दिवसही एकीकडे ८, दुसरीकडे १८. आणि एका टिपणात तर मुंबईच्या व्यवहारामुळेच तो सत्तेवरून पडला असं लिहिलंय. ते कितपत खरं?

जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

कज्जेदलाल

पक्षांतर हा शब्द वापरू नका, परीक्षक त्यावरच धरतील. हा मुळात वकील. १६०९ मध्ये विल्टशायरमधल्या डिंटनला जन्म, तेराव्या वर्षी ऑक्सफर्डच्या मॅग्डलेन हॉलमध्ये. आधी त्याला धर्मखात्यात घालायचा घरचा बेत होता. मोठे भाऊ वारले आणि तो मिडल टेंपलमध्ये कायद्याला लागला. काका निकोलस हाइड किंग्ज बेंचचे मुख्य न्यायाधीश. १६३३ मध्ये वकिलीची सनद. ही पार्श्वभूमी दोन परिच्छेदांत उरका, पण वगळू नका. पुढचा प्रत्येक निर्णय तिच्यातूनच निघतो.

१६४० च्या एप्रिलात भरलेल्या अल्पकालीन संसदेत तो वुटन बॅसेटचा प्रतिनिधी होता, नोव्हेंबरात सुरू झालेल्या दीर्घ संसदेत सॉल्टॅशचा. तिथे त्याने जहाजपट्टी (संसदेला न विचारता राजाने आरमारासाठी बसवलेला कर) कायदेशीर ठरवणाऱ्या न्यायाधीशांवर हल्ला चढवला आणि कौन्सिल ऑफ द नॉर्थसारखी, सामान्य कायद्याच्या चौकटीबाहेर चालणारी न्यायपीठं बंद पाडण्यात पुढाकार घेतला. राजाचा मंत्री स्ट्रॅफर्ड याला खटल्यात दोष सिद्ध न करता, केवळ कायदा करून देहदंड देण्याचा ठराव एप्रिल १६४१ मध्ये २०४ विरुद्ध ५९ मतांनी संमत झाला. विरोध करणाऱ्या त्या ५९ जणांच्या यादीत हाइडचं नाव नाही. तो पहिल्यापासून राजनिष्ठ होता असं लिहिणाऱ्यांना ही यादी दाखवायची.

१६४१ च्या उन्हाळ्यापर्यंत जहाजपट्टी रद्द, राजाचं स्टार चेंबर हे न्यायपीठ रद्द, तीन वर्षांतून एकदा संसद भरवणं बंधनकारक. हाइडच्या लेखी कायद्याची दुरुस्ती इथे पुरी झाली. त्यापुढे संसदेतला राजविरोधकांचा पुढारी पिम आणि मंडळी सैन्याचा ताबा मागू लागली, बिशपांना लॉर्ड्स सभेतून काढा म्हणू लागली, तेव्हा कायदा मोडणारे आता हेच, असं त्याचं मत झालं. नोव्हेंबर १६४१ मध्ये राजावरच्या आरोपांचा लांबलचक तक्रारनामा १५९ विरुद्ध १४८ असा फक्त अकरा मतांनी पास झाला, तेव्हा तो आणि त्याचा मित्र फॉकलंड विरोधात उभे होते. तुमच्या प्रकल्पात १६४० ते १६४२ मधल्या प्रत्येक भूमिकेपुढे त्याने कोणत्या कायद्याचा आधार घेतला ते लिहा. मग रेषा तिथेच राहिली आणि बाकीचे सरकले हे वाचणाऱ्याला आपसूक दिसेल.

इथे एक हमखास होणारी चूक. जून १६४२ मध्ये संसदेने एकोणीस मागण्या पाठवल्या. राजाची त्या काळातली बरीच जाहीर उत्तरं हाइडच्या लेखणीतली, म्हणून हेही उत्तर लोक त्याच्या खात्यावर टाकतात. ते फॉकलंड आणि राजाचा दुसरा सल्लागार कल्पेपर यांनी लिहिलं. त्यात राजाला तीन सत्तांपैकी एक सत्ता म्हटलं होतं, आणि नेमकी हीच मांडणी हाइडला पटली नव्हती. राजा तिघांतला एक झाला की उरलेले दोघे मिळून त्याला हरवू शकतात, हे वकिलाच्या लगेच ध्यानात आलं. त्याचप्रमाणे ४ जानेवारी १६४२ ला राजा पाच विरोधी सभासदांना पकडायला स्वतः कॉमन्समध्ये (संसदेच्या कनिष्ठ सभागृहात) घुसला, तोही हाइडला न विचारता. राजाचा सल्लागार म्हणून त्याची पत किती होती याचं माप घ्यायचं तर हा प्रसंग घ्या.

आता पदं. १६४३ मध्ये 'सर' आणि चॅन्सलर ऑफ द एक्स्चेकर, म्हणजे अर्थखातं. जानेवारी १६५८ मध्ये लॉर्ड चॅन्सलर, पण परागंदा राजाचा, दुसऱ्या चार्ल्सचा. मोहोर होती, राज्य नव्हतं. १६६० मध्ये तेच पद मायदेशी प्रत्यक्षात आलं आणि त्याच वर्षी तो ऑक्सफर्ड विद्यापीठाचा कुलपतीही झाला. तीन वेगवेगळ्या खुर्च्या आहेत. नावाचंही तसंच: नोव्हेंबर १६६० पर्यंत 'हाइड' लिहा, मग तो बॅरन हाइड, आणि एप्रिल १६६१ पासून 'क्लॅरेंडन'. ग्रंथालयाच्या यादीत शोधताना पहिला अर्ल आहे ना ते बघा. मुलगा हेन्री दुसरा अर्ल, आणि एकोणिसाव्या शतकातला परराष्ट्रमंत्री क्लॅरेंडन तर वेगळ्याच घराण्यातला. एकाच नावाची कार्डं एकत्र लावलेली असतात.

तिथीवार

तारखांपुरतं मी सांगतो.

पोर्तुगालने १५८२ मध्येच ग्रेगोरियन गणना घेतली, म्हणून गोव्यातले कागद नव्या गणनेत. इंग्लंड १७५२ पर्यंत ज्युलियन गणनेवर. सतराव्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचं अंतर. त्यावर इंग्लंडचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणजे १ जानेवारी ते २४ मार्च या काळातली इंग्रजी कागदावरची तारीख आपल्या हिशेबाने वर्षभर मागे दिसते.

तारीख पुढ्यात आली की आधी कागद कोणाचा ते पाहायचं, मजकूर कशाबद्दल आहे ते नंतर. इंग्रजी असेल आणि दिवस जानेवारी ते २४ मार्चमधला असेल तर वर्षात एक मिळवा. मग नवी गणना हवी असेल तर दहा दिवस मिळवा. क्रम उलटा करू नका. १५ ते २४ मार्चमधल्या तारखेत आधी दिवस वाढवले तर ती २४ मार्चच्या पलीकडे जाते आणि वर्ष दुरुस्त करायचं राहून जातं.

मुंबईचा ताबा यात नीट बसतो. ताबेपत्र पोर्तुगीज, त्यावर १८ फेब्रुवारी १६६५. इंग्रजी गणनेत तो दिवस ८ फेब्रुवारी, आणि त्यांचं १६६५ अजून सुरू व्हायचं होतं म्हणून वर्ष १६६४. तुमच्याकडची चारही उत्तरं एकाच दिवसाची आहेत. जुन्या इंग्रजी छापील साधनांत १६६४/५ असं दुहेरी वर्ष दिसलं तर दुरुस्ती संपादकाने केलेली आहे, पुन्हा करू नका. नाहीतर १६६६ होईल; छापील लेखांतही असं झालेलं सापडतं.

प्रकल्पाच्या पहिल्या तळटिपेत सांगून टाका: इंग्लंडमधल्या घटना जुन्या गणनेत, वर्ष १ जानेवारीपासून धरलं, गोवा, मुंबई आणि लिस्बनच्या घटना नव्या गणनेत. ब्रेडाच्या जाहीरनाम्यासारखा (दुसऱ्या चार्ल्सने परतण्याआधी नेदरलँड्समधून काढलेला) कागद मधल्या मुलखातला, तिथे ४/१४ एप्रिल १६६० असं दोन्ही लिहिलं की वाद मिटतो.

मांडवीकाठ

मुंबईच्या भागावर जास्त पानं खर्च करा. गोव्याचा धागा तिथेच आहे, आणि क्लॅरेंडनची सगळ्यात मोठी गंमतही तिथेच. जन्मभर शब्दाला शब्द लावणाऱ्या वकिलाच्या कारकिर्दीतला करार, आणि त्यातल्या ढिल्या शब्दांवर बोट ठेवून त्याच्या माणसांना अडीच वर्षं ताटकळत ठेवलं ते गोव्याच्या विजरईने.

करार २३ जून १६६१ चा. दुसऱ्या चार्ल्सचा विवाह ब्रागांझाच्या कॅथरीनशी, हुंडा वीस लाख क्रुझादो (पोर्तुगीज नाणं), शिवाय उत्तर आफ्रिकेतलं टँजियर आणि मुंबई. मुंबईचं कलम अकरावं. बदल्यात इंग्लंडने पोर्तुगालच्या पूर्वेकडच्या मुलखाचं डचांपासून रक्षण करायचं, असं एक गुप्त कलमही होतं. हे गुप्त कलम वगळून मुंबईची कथा सांगितली की विजरई नुसता हट्टी म्हातारा वाटतो. तसा तो नव्हता.

कलमात 'मुंबई बेट व बंदर, त्याच्या हक्कांसह' अशा आशयाचे शब्द होते, पण बेट कुठे संपतं ते नाही. इंग्रज समजून चालले की माहीमपासून ठाण्या-वसईकडचा पसाराही त्यात आला. पोर्तुगीजांच्या मते माहीम निराळं, साष्टी निराळी, वसई तर सरळसरळ निराळी. (आपल्याकडच्या वाचकांसाठी तळटीप द्या: या कागदांतली साष्टी वसईजवळची. मडगावची सासष्टी नव्हे. पोर्तुगीज लेखनात दोन्ही नावं एकसारखीच.)

मार्लबरोचा अर्ल जेम्स ली पाच जहाजं घेऊन सप्टेंबर १६६२ मध्ये मुंबईला पोचला. मुंबईचा गव्हर्नर नेमलेला सर अब्राहम शिपमन आणि चारशेच्या आसपास सैनिक बरोबर होते. गोव्याचा नवा अधिकारी आंतोनियो द मेलो ई काश्त्रो हाही त्याच ताफ्यातून आला! इंग्रजांच्याच जहाजातून उतरून त्याने इंग्रजांना अडवलं. कारण काय दिलं, तर शिपमनकडची अधिकारपत्रं पोर्तुगीज रिवाजाला धरून नाहीत, लिस्बनहून खुलासा आल्याशिवाय ताबा देता येत नाही. कायद्याच्या माणसाने पाठवलेल्या कागदात त्याने कायद्याचीच खोट काढली. मनातलं कारण मात्र वेगळं. रक्षणाचं वचन देऊन इंग्रजांनी डचांविरुद्ध बोटही हलवलं नाही असा त्याचा राग होता, आणि जानेवारी १६६३ मध्ये कोची डचांकडे गेल्यावर तो राग पक्का झाला.

वेळ काढणं त्याला इतकं सोपं का गेलं, हे वाऱ्यांवरून समजावून सांगा. लिस्बनची जहाजं मार्च-एप्रिलात सुटत आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास गोव्याला लागत. परतीची डिसेंबर-जानेवारीत निघत. ती लिस्बनला पोचेपर्यंत त्या वर्षीची गोव्याची जहाजं सुटून गेलेली असत. म्हणजे सप्टेंबरात पडलेल्या शंकेचं उत्तर या जहाजांनी यायचं तर दोन वर्षांनंतरच्या सप्टेंबरात, तेही लिस्बनने वेळेत लिहिलं तर. एक शंका काढली की दोन वर्षं गेली.

या दोन वर्षांची किंमत शिपमनच्या माणसांनी मोजली. त्यांना सुरतेला उतरवावं तर मोगल सुभेदार बिथरेल, म्हणून ईस्ट इंडिया कंपनीचा तिथला अध्यक्ष जॉर्ज ऑक्सेंडन तयार होईना. शेवटी तळ पडला अंजदीव बेटावर, कारवारसमोर. हे बेट आजही गोव्याच्या हद्दीत, काणकोण तालुक्यात मोडतं. उघडं बेट, डोक्यावर धड छप्पर नाही, तुटपुंजी रसद, वर पावसाळा आणि ताप. एप्रिल १६६४ मध्ये शिपमन तिथेच मेला. ताबा घ्यायची वेळ आली तेव्हा चारशेंतले जेमतेम शंभर उरले होते. गोव्याचा धागा हवा होता ना, हे प्रकरण अंजदीवपासून सुरू करा.

शिपमनने मृत्युपत्रात आपल्यामागे हंफ्री कुकला नेमलं होतं. हा त्याचा चिटणीस, मोठा मुत्सद्दी कुणी नव्हे. १६६४ च्या अखेरीस लिस्बनचे नवे हुकूम आले, विजरईचे बहाणे संपले, मग त्याने कुकला पणजीत बसवून १४ जानेवारी १६६५ ला एक करारनामा लिहून घेतला. मुंबई म्हणजे फक्त मुंबईचं बेट, कॅथलिक धर्माला धक्का नाही, रहिवाशांच्या जमिनी सुरक्षित, पोर्तुगीज मुलखातून पळून आलेल्यांना थारा द्यायचा नाही, अशा अटी. माणसं संपत आलेल्या कुकला सही करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आधी, ५ जानेवारीच्या पत्रात, विजरईने आपल्या राजाला कळवलं होतं की इंग्रज मुंबईत बसले त्या दिवशी आपला हिंदुस्थान गेला असं समजा. १८ फेब्रुवारीला मुंबईत दोना इग्नेस द मिरांदा या बाईंच्या वाड्यात ताबेपत्र झालं. लंडनने कुकचा करारनामा मान्य केला नाही. कुकनेही मग पुढच्या काळात माहीमकडे हात पसरले, आणि वाद चालूच राहिला.

एक शेवटचं. २७ मार्च १६६८ च्या सनदेने मुंबई कंपनीला वर्षाला दहा पौंड सोन्यात या खंडाने देण्यात आली, ती क्लॅरेंडनच्या खात्यावर लिहू नका. तेव्हा तो फ्रान्समध्ये होता.

फोंड्याची_वही

मांडवीकाठ, अंजदीवचं सुचवलंत, देव बरें करूं. माझ्या आराखड्यात ते एका ओळीत होतं.

एक विचारायचं राहिलं. क्लॅरेंडनने मुंबई ब्राझीलजवळ असल्याचं लिहिलंय, असं वर्गात ऐकलं. दंतकथा आहे का? असेल तर घेत नाही.

कज्जेदलाल

दंतकथा नाही. त्याच्या आत्मवृत्तात, विवाहाच्या वाटाघाटी सांगताना, मुंबई तिथल्या गावं-किल्ल्यांसकट ब्राझीलपासून अगदी थोड्या अंतरावर आहे अशा अर्थाचं वाक्य आहे. पण ते घेताना तो मजकूर कधी आणि कुठे लिहिला हेही सांगा, नाहीतर नुसती थट्टा होते.

त्याच्या लेखनाचे दोन थर आहेत. बंडाचा इतिहास त्याने मार्च १६४६ मध्ये सिली बेटांवर सुरू केला आणि जर्सीत पुढे नेला. तेव्हा घटना ताज्या होत्या, काही कागद हाताशी होते, आणि हेतू राजाला सल्ला देण्याचा होता. दुसरा थर म्हणजे आत्मवृत्त. ते १६६८ नंतर माँपेलिएमध्ये, हद्दपारीत, मुख्यतः आठवणीवर लिहिलं. हेतू स्वतःची बाजू मांडण्याचा. १६७१ मध्ये मुलगा लॉरेन्स जुनं हस्तलिखित घेऊन आला तेव्हा त्याने दोन्ही एकत्र विणले. १७०२ ते १७०४ मध्ये ऑक्सफर्डहून तीन खंडांत छापला गेला तो हा विणलेला इतिहास. उरलेलं आत्मवृत्त १७५९ मध्ये निघालं. मुंबई-ब्राझीलचं वाक्य या दुसऱ्या थरातलं.

म्हणून त्याच्याकडून काहीही उद्धृत करताना तो परिच्छेद १६४६-४८ चा की १६६८ नंतरचा हे तपासून घ्या. चांगल्या संपादित आवृत्तीत समासात किंवा तळटिपेत ते दिलेलं असतं. पहिल्या थरात त्याचा तपशील भक्कम, दुसऱ्यात माणसांची चित्रं अप्रतिम पण तारखा आणि क्रम डळमळीत. व्यक्तिचित्रांसाठी दुसरा थर, घटनाक्रमासाठी पहिला, असा व्यवहार ठेवला तर फारसं चुकणार नाही.

सांतइनेज

कज्जेदलाल वकिलाने वकिलाला सांभाळून घ्यावं तसं घेतायत. पडण्याचा भाग मी सांगतो.

मुंबईमुळे तो पडला नाही. नोव्हेंबर १६६७ मध्ये कॉमन्सने महाभियोगाची सतरा कलमं तयार केली. त्यांत डंकर्क आहे, उभं सैन्य ठेवायचा सल्ला आहे, पदं विकून इस्टेट केल्याचा आरोप आहे, वेस्ट इंडीजमधली बेटं वाचवायचा प्रस्ताव फेटाळल्याचा आहे, १६६६ मध्ये आरमाराची दोन ठिकाणी विभागणी केल्याचाही आहे. मुंबई नाही. तेव्हाच्या लंडनला मुंबईचं पडलेलंच नव्हतं.

लोकांचा राग डंकर्कवर. क्रॉमवेलच्या काळात, १६५८ मध्ये हाती आलेलं हे बंदर १६६२ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईला पन्नास लाख लिव्रना (फ्रेंच नाणं) विकलं. ठेवायचं तर दरवर्षीचा शिबंदीचा खर्च झेपत नव्हता, त्यामुळे हिशेबाने निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. पण त्यानंतर क्लॅरेंडनने पिकॅडिलीत टोलेजंग घर बांधायला घेतलं आणि लोकांनी त्याचं नाव डंकर्क हाऊस ठेवलं. १६६५ ची प्लेग, १६६६ ची आग, आणि जून १६६७ मध्ये डच थेट मेडवे नदीत घुसून आरमाराची जहाजं जाळून गेले. डचांशी युद्ध क्लॅरेंडनला नकोच होतं, पण जमावाने फोडल्या त्याच्याच घराच्या काचा, दारापुढची झाडं तोडली आणि फाटकावर फाशीचा खांब रंगवला. शेजारी लिहिलेल्या ओळीत डंकर्क, टँजियर आणि वांझ राणी अशा तिघांचा उद्धार होता. त्या काळचा लंडनचा रोजनिशीकार पेपिस, त्याच्या रोजनिशीत हे सापडेल.

'वांझ राणी' हा आरोप समजावून सांगायला विसरू नका. त्याची मुलगी ॲन हाइड हिने सप्टेंबर १६६० मध्ये राजाचा भाऊ, यॉर्कचा ड्यूक जेम्स, याच्याशी गुपचूप लग्न केलं. कॅथरीनला मूल होईना, तेव्हा आपली नातवंडं गादीवर यावीत म्हणून म्हाताऱ्याने राजासाठी मुद्दाम अशी राणी शोधली, अशी कुजबुज पसरली. नाती पुढे खरोखर गादीवर आल्या, मेरी १६८९ मध्ये आणि ॲन १७०२ मध्ये. पण ते पाहायला तो नव्हता. लग्नाची बातमी कळली तेव्हा त्याने मुलीला टॉवरमध्ये टाका म्हणून आकांत केला होता, त्यामुळे कट वगैरे काही नव्हतं.

राजालाही तो नकोसा झाला होता. सतत उपदेश करणारा, राजाच्या ठेवलेल्या बायकांना दारात उभं न करणारा. ३० ऑगस्ट १६६७ ला राजमुद्रा काढून घेतली. लॉर्ड्स सभेने ठरावीक आरोपाशिवाय नुसत्या 'राजद्रोह' या शब्दावर त्याला तुरुंगात टाकायला नकार दिला. दोन्ही सभा अडून बसल्या. राजाचा इशारा समजून तो २९ नोव्हेंबरच्या रात्री कॅलेला निघून गेला. पळाला म्हणजे दोषी, असं धरून डिसेंबरात हद्दपारीचा कायदा झाला. एप्रिल १६६८ मध्ये एव्ह्रूला इंग्रज खलाशांच्या टोळीने त्याला बदडलं. पुढे माँपेलिए, मूलाँ, आणि १६७४ च्या डिसेंबरात रूआँला मृत्यू. पुरला मात्र वेस्टमिन्स्टर ॲबेत.

आता माझा मुद्दा. सतरांपैकी एक कलम असं: त्याने माणसांना खटल्याविना दूरच्या बेटांवर आणि ठाण्यांत पाठवलं, म्हणजे हेबियस कॉर्पसचा (कैद्याला न्यायालयापुढे हजर करा असा) हुकूम तिथवर पोचूच नये. हे निव्वळ शत्रूंचं कुभांड नाही. जहाजपट्टीच्या न्यायाधीशांना जाब विचारणारा १६४१ चा हाइड स्वतः मंत्री झाल्यावर काय करत होता, ते इथे दिसतं. १६७९ च्या हेबियस कॉर्पस कायद्यात कैद्याला समुद्रापार पाठवायला बंदी घालणारं कलम आलं, त्यामागे हा अनुभव आहे. 'रेषा तिथेच राहिली' हे कज्जेदलालांचं वाक्य १६४२ पर्यंत खरं. त्यापुढे नाही.

कज्जेदलाल

बेटांचं कबूल. त्यावर बचाव नाही, आणि तो प्रकल्पात यायलाच हवा. एवढंच जोडतो की 'क्लॅरेंडन संहिता' या नावाखाली अधिकृत चर्चबाहेरच्या प्रोटेस्टंटांविरुद्धचे जे चार कायदे मोजतात, १६६१ चा नगरपालिकांचा, १६६२ चा एकरूप उपासनेचा, १६६४ चा सभाबंदीचा आणि १६६५ चा पाच मैलांचा, ते त्याने एकट्याने आखले असं समजू नका. हे नाव मागाहून पडलं. ऑक्टोबर १६६० मध्ये प्रेस्बिटेरियनांना (बिशपांची सत्ता न मानणाऱ्या प्रोटेस्टंटांना) सवलती देणारा जाहीरनामा काढण्यात तो होता. कडवेपणा संसदेतल्या राजनिष्ठ जमीनदारांचा होता. चॅन्सलर म्हणून त्याने कायदे राबवले, हे मात्र खरं.

फोंड्याची_वही

आता मूळ कागदांचं. पणजीत काय पाहता येईल? आणि अंजदीवचे फोटो काढायला जाता येतं का?

मांडवीकाठ

अंजदीव नौदलाच्या ताब्यात आहे, फोटोंच्या भरवशावर राहू नका. किनाऱ्याचा नकाशा काढून काणकोण, कारवार आणि बेट दाखवा, पुरे. त्यावर किल्ला दाखवलात तर वर्ष लिहा. तो पोर्तुगीजांनी १६८२ मध्ये बांधला, शिपमनच्या वेळी नव्हता.

कागदांसाठी पणजीचं पुराभिलेख खातं. 'मोन्सोंइश दु रैनु' ही मालिका मागा, म्हणजे मोसमी जहाजांबरोबर लिस्बनशी झालेला पत्रव्यवहार. १६६२ ते १६६६ एवढीच वर्षं पाहायची, पण खंडावरचं वर्ष आणि आतल्या पत्राचं वर्ष यांत फरक पडतो. लिस्बनचं पत्र लिहिलं एका वर्षी, पोचलं आणि उत्तर गेलं दुसऱ्या. म्हणून मागचा-पुढचा एकेक खंडही चाळा. टिपण घेताना खंड क्रमांक, फोलिओ (पानाचा क्रमांक) आणि त्याची पुढची की मागची बाजू तिथल्या तिथे लिहा. घरी आल्यावर ते आठवत नाही. लोहयुक्त शाई आपल्या दमट हवेत कागद खाते, मागच्या पानाची अक्षरं पुढे उमटतात. अशा जागी शब्द अंदाजाने भरू नका, चौकटी कंसात तीन टिंबं द्या. मार्गदर्शकांचं पत्र आणि ओळखपत्र घेऊन जा.

पोर्तुगीज हस्ताक्षर येत नसेल तर मूळ कागदात वेळ घालवण्यापेक्षा पाट्ट्यावरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात किंवा पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात छापील संग्रह पाहा. कराराचं अकरावं कलम आणि पणजीचा करारनामा छापील मिळाले की ते दोन्ही परिशिष्टात शेजारी शेजारी लावा. एका बाजूला १६६१ ची मोघम शब्दयोजना, दुसऱ्या बाजूला १६६५ च्या नेमक्या अटी. कलमांचे आकडे तसेच ठेवा, सारांश करू नका.